खरखरीचा हिशेब

१९८३ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. संध्याकाळी तिजोरी बंद झाली की दिवसाची रोख शिल्लक विभागीय कार्यालयाला फोनवर कळवायची, असा शिरस्ता होता. फोन म्हणजे अर्थातच ट्रंक कॉल. तो दुपारीच नोंदवून ठेवायचा आणि लागला की सगळी शाखा गप्प व्हायची. शिपाई पंखा बंद करायचा. मग रिसीव्हर कानात रुतेपर्यंत दाबून मी आकडा ओरडायचो. पूर्ण रक्कम कधी म्हणायची नाही, एकेक अंक सुटा सांगायचा आणि पलीकडच्यानं तो परत म्हणून दाखवायचा, हे मला आधीच्या अधिकाऱ्यांनी बजावलं होतं. मी नवा, घाईतला. पहिल्याच आठवड्यात ‘सत्तावन्न हजार’ असं एका दमात सांगून मोकळा झालो. पलीकडे ‘सत्त्याण्णव हजार’ लिहिलं गेलं. चाळीस हजारांचा घोळ निस्तरायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

त्या लाइनीत जे काही ऐकू यायचं त्याला आम्ही सरसकट ‘खरखर’ म्हणायचो. पण रोज तासन् तास कान लावून बसल्यावर कळायला लागलं, की ही खरखर एका जातीची नव्हती. काही कडकडाट होता, तो पावसाळ्यात वाढायचा. काही गुणगुण होती, ती जवळून जाणाऱ्या विजेच्या तारांची असावी. कधी दुसऱ्याच कुणाचं लग्न ठरताना ऐकू यायचं. खात्याचा लाइनमन येऊन सांधे साफ करून गेला की यातलं बरंच कमी व्हायचं. पण सगळं शांत झाल्यावरही अगदी तळाशी एक बारीक, एकसारखी ‘सूऽऽ’ उरायची. लांबून येणाऱ्या पावसासारखी. लाइनमनला विचारलं, तर तो म्हणाला, तेवढं चालायचंच.

तेवढं चालायचंच म्हणजे नेमकं किती, याचा पै-पैचा हिशेब एका माणसानं १९२८ साली मांडून ठेवलेला आहे, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं. लाइनीतल्या त्या शेवटच्या सुसकाऱ्यात आणखीही बरंच काही मिसळलेलं असणार. पण सगळा दोष, सगळा गलथानपणा, सगळी ओल काढून टाकली तरी जी खरखर जगातल्या कुठल्याही विद्युतमंडलात उरतेच उरते, तिचा हा हिशेब. मांडणाऱ्याचं नाव हॅरी नायक्विस्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला हे नाव पाठ असतं, कारण त्या नावावर परीक्षेत प्रश्न येतात. माणूस मात्र कुणाला फारसा ठाऊक नसतो.

हॅरी नायक्विस्टचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ चा, स्वीडनमधल्या व्हॅर्मलंड प्रांतातल्या निल्सबी या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं, भावंडं बरीच. वडिलांचं नाव लार्स योनसन. आता स्वीडनमध्ये योनसन म्हणजे आपल्याकडे पाटील. पंचक्रोशीत आणखी एक लार्स योनसन होता आणि दोघांची पत्रं एकमेकांच्या घरी जात. शेवटी या लार्सनं कंटाळून आडनावच बदललं आणि नायक्विस्ट हे नवं नाव घेतलं. मी नोकरीत असताना एकाच शाखेत एकाच नावाची तीन-तीन खाती सांभाळली आहेत आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाल्यावर जी भांडणं होतात तीही सोसली आहेत. त्यामुळे या न पाहिलेल्या लार्स योनसनबद्दल मला आपुलकी वाटते. निरोप योग्य माणसापर्यंत पोचावा म्हणून बापानं नाव बदललं, आणि पोरानं पुढं निरोप पोचण्याचंच शास्त्र उभं केलं. कादंबरीत मी असा योगायोग लिहिला असता तर संपादकांनी तो काढून टाकायला लावला असता.

पोरगा हुशार होता. यानं शिक्षक व्हावं असं शाळेतल्या गुरुजींना वाटत होतं. पण पुढं शिकवायची ऐपत घरात नव्हती. त्या काळच्या स्वीडनमध्ये अशा पोरांसाठी एकच वाट होती, अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत दहा लाखांवर स्वीडिश माणसं अटलांटिक ओलांडून गेली. हॅरीनं मजुरी करून तिकिटाचे पैसे जमवले आणि १९०७ साली, अठराव्या वर्षी, तोही गेला. १९१२ साली तो नॉर्थ डाकोटा विद्यापीठात दाखल झाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. नॉर्थ डाकोटा म्हणजे गव्हाच्या शेतांचा, कडाक्याच्या थंडीचा आणि स्कँडिनेव्हियातून आलेल्या माणसांचा मुलूख. तिथं विद्युत अभियांत्रिकीची पदवी १९१४ साली आणि पदव्युत्तर पदवी १९१५ साली मिळाली. मग येल विद्यापीठात भौतिकशास्त्राची डॉक्टरेट, १९१७ साली. परक्या देशात, परक्या भाषेत, पाच वर्षांत हे सगळं झालं. याबद्दल पुढं त्यानं फुशारकी मारल्याचं कुठं वाचायला मिळत नाही.

इथं गोष्टीत दुसरा माणूस येतो. जॉन जॉन्सन. हाही स्वीडिश, गोटेनबर्ग शहरात १८८७ साली जन्मलेला. हाही पोरवयात, १९०४ साली, अमेरिकेला गेलेला. यानंही नॉर्थ डाकोटा विद्यापीठातच पदवी घेतली, यानंही येलमधूनच डॉक्टरेट मिळवली, तीही १९१७ सालीच. आणि त्याच वर्षी दोघंही एकाच उद्योगसमूहात नोकरीला लागले. नायक्विस्ट अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या विकास-संशोधन विभागात आणि जॉन्सन तिच्याच वेस्टर्न इलेक्ट्रिक या कारखानदार शाखेच्या अभियांत्रिकी विभागात. यातूनच १९२५ साली प्रसिद्ध बेल प्रयोगशाळा निघाली. जॉन्सन तिथं पहिल्यापासून होता. नायक्विस्टचा विभाग मात्र १९३४ पर्यंत मूळ कंपनीतच राहिला. म्हणजे १९२८ साली जे घडलं तेव्हा दोघांची कार्यालयं कागदोपत्री वेगळी होती.

कंपनीला खरखरीची एवढी काळजी का, हे समजून घ्यायला हवं. टेलिफोनच्या तारेतून आवाज जसजसा दूर जातो तसतसा क्षीण होतो. १९१५ साली न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत बोलणं सुरू झालं ते वाटेत बसवलेल्या ॲम्प्लिफायरांच्या जोरावर. क्षीण झालेला आवाज घ्यायचा, व्हॅक्यूम ट्यूबनं फुगवायचा आणि पुढं सोडायचा. पण ॲम्प्लिफायर हे बिनडोक यंत्र. आवाज आणि खरखर यातला भेद त्याला कळत नाही, दोन्ही सारखंच फुगवतं. शिवाय स्वतःची थोडी भर घालतं. तेव्हा प्रश्न असा होता, की अधिक चांगली ट्यूब, अधिक चांगली तार, अधिक स्वच्छ जोडकाम यावर पैसा ओतत गेलं तर ही खरखर शेवटी शून्यावर येईल का? येणार असेल तर ओतावा पैसा. पण कुठंतरी तळ असेल, तर तो किती खोल आहे ते आधी कळलं पाहिजे. नाहीतर विहिरीला पाणी लागणारच नाही अशा जागी खणत बसल्यासारखं व्हायचं.

ट्यूबमधल्या एका गोंगाटाचा छडा वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञानं १९१८ साली लावला होता. वीज ही सलग धार नसते, सुट्या इलेक्ट्रॉनांचा मारा असतो, पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखा. त्या गारांचा तो आवाज. उष्णतेमुळेही गोंगाट होईल, हे शॉटकीला दिसलं होतं, पण तो या माऱ्यात दडून जाईल असं त्याला वाटलं. त्याच्याही आधी आइन्स्टाइननं पाण्यातल्या परागकणांच्या थरथरीचं गणित मांडल्यावर लगेच लिहिलं होतं, की तारेतला विद्युतभारही असाच थरथरत असणार. म्हणजे सिद्धांताच्या बाजूनं गोष्ट अर्धीअधिक सांगून झाली होती. ती कानानं कुणी ऐकली नव्हती, एवढंच.

ऐकली जॉन्सननं. ट्यूबच्या गोंगाटाचा अभ्यास करता करता त्याच्या लक्षात आलं, की ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी जो रेझिस्टर लावलेला असतो, तो बदलला की खरखर बदलते. त्यानं ट्यूब तीच ठेवली आणि रेझिस्टर बदलत गेला. कार्बनचा लावला, धातूच्या तारेचा लावला, मिठाच्या पाण्याचा लावला. रोध सारखा असेल तर खरखर सारखीच. पदार्थ कुठला याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. त्यातून वीज वाहते आहे की नाही याच्याशीही नाही. मग त्यानं रेझिस्टर थंड केला, पार द्रवरूप हवेत बुडवला, आणि खरखर कमी झाली. उकळत्या पाण्यात ठेवल्यावर वाढली. खरखरीची शक्ती निरपेक्ष तापमानाच्या सरळ प्रमाणात होती. टेबलावर नुसता पडलेला, कशालाही न जोडलेला, दमडीच्या किमतीचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांमध्ये सतत काहीतरी पुटपुटत असतो, आणि ते पुटपुटणं म्हणजे त्याच्या अंगातली ऊब असते. १९२६ सालच्या अखेरीला अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत आणि पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये जॉन्सननं हे जाहीर केलं.

पण जॉन्सनपाशी मोजमापं होती, कारण नव्हतं. तो ती मोजमापं घेऊन नायक्विस्टकडे गेला. त्यांचं काय बोलणं झालं, स्वीडिशमध्ये झालं की इंग्रजीत, कुणी टिपून ठेवलेलं नाही. जॉन्सननं या विषयाच्या सुरुवातीच्या दिवसांचा वृत्तांत लिहिला आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो इतकंच सांगतो, की नायक्विस्टशी चर्चा केली आणि महिन्याभरात तो सूत्र घेऊन आला.

आता त्या महिन्याभरात नायक्विस्टनं काय केलं ते थोडं सविस्तर सांगतो. मी काही भौतिकशास्त्रज्ञ नाही. पण हा युक्तिवाद एखाद्या जुन्या हेडक्लार्कनं करावा तसा आहे, म्हणून मला तो कळला असं मी धरून चालतो.

समजा, दोन सारखे रेझिस्टर घेतले, एक कार्बनचा, एक तांब्याचा. दोघांचं तापमान एकच. त्यांची टोकं तारांनी एकमेकांना जोडली. कार्बनचा आपल्या पुटपुटण्यानं तांब्याच्याकडे थोडी शक्ती पाठवणार आणि तांब्याचाही उलट पाठवणार. समजा, कार्बनचा जास्त पाठवतो. मग तांब्याचा हळूहळू तापेल आणि कार्बनचा निवेल. म्हणजे काहीही न करता, सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंपैकी एक आपोआप गरम आणि दुसरी थंड होऊ लागेल. असं जगात होत नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम ते होऊ देत नाही. तेव्हा जितकी शक्ती जाते तितकीच आली पाहिजे. जमा आणि नावे सारखे.

इथपर्यंत कुणीही आलं असतं. नायक्विस्ट एक पाऊल पुढं गेला. त्यानं दोन रेझिस्टरांच्या मध्ये एक गाळणी बसवली, ठरावीक वारंवारतेचाच आवाज पुढं जाऊ देणारी. आता समजा, एकूण शक्ती सारखी आहे, पण बारीक आवाजात कार्बनचा जास्त पाठवतो आणि जाड आवाजात तांब्याचा. मग गाळणी लावल्याबरोबर तोल जाईल आणि पुन्हा तोच निषिद्ध प्रकार घडेल. म्हणून नुसती बेरीज जुळून भागत नाही, प्रत्येक वारंवारतेला वेगळा ताळा जमला पाहिजे. आंतरशाखा हिशेबाचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना हे सांगायला नको. दोन शाखांची एकूण रक्कम जुळली म्हणून फाइल बंद करणारा अधिकारी पुढं कधीतरी अडचणीत येतोच, नोंद न् नोंद जुळावी लागते. यातून नायक्विस्टनं असं काढलं, की ही खरखर पदार्थावर, आकारावर, घडणीवर अवलंबून असूच शकत नाही. रोध, तापमान आणि वारंवारता, बस्स. जॉन्सनच्या प्रयोगात मिठाचं पाणी आणि कार्बन सारखे का बोलतात त्याचं हे उत्तर.

राहिला प्रश्न, किती? त्यासाठी त्यानं जे उदाहरण घेतलं ते टेलिफोनवाल्यालाच सुचावं. एक लांबलचक टेलिफोनची लाइन, तिच्यात काहीही गळती नाही, आणि दोन्ही टोकांना तिला साजेसे दोन रेझिस्टर. दोघंही आपापली पुटपुट तारेत सोडत आहेत आणि तारेत त्या लहरी इकडून तिकडे धावत आहेत. आता एका क्षणी दोन्ही टोकं एकदम बंद केली. लहरी आत कोंडल्या गेल्या. कोंडलेली तार म्हणजे सतारीची तार. तिच्यावर ठरावीकच सूर उमटू शकतात, आणि ते मोजता येतात. प्रत्येक सुराच्या वाट्याला उष्णतेची किती ऊर्जा येते, हे जुन्या भौतिकशास्त्रानं सांगून ठेवलेलं होतं. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान. सगळ्या सुरांना समान वाटा, कुणाला कमी नाही, जास्त नाही. सूर मोजले, वाट्यानं गुणलं, तारेतली एकूण ऊर्जा मिळाली. ती तारेत शिरायला जितका वेळ लागला त्यानं भागलं, की दर सेकंदाचा हिशेब मिळाला. तार जितकी लांब तितके सूर जास्त, पण तितकाच शिरण्याचा वेळही जास्त. म्हणून लांबी उत्तरातून आपोआप उडून गेली. हाती राहिलं ते सूत्र आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. खरखरीच्या व्होल्टेजचा सरासरी वर्ग म्हणजे चार गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक, गुणिले तापमान, गुणिले रोध, गुणिले वारंवारतेचा पट्टा.

‘फिजिकल रिव्ह्यू’च्या जुलै १९२८ च्या अंकात दोघांचे निबंध एकामागोमाग छापून आले. आधी जॉन्सनचे प्रयोग, मागून नायक्विस्टचा सिद्धांत. नायक्विस्टचा निबंध अवघ्या चार पानांचा आहे. त्यात शेवटी त्यानं आणखी एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली, की अतिशय मोठ्या वारंवारतेला हा समान वाटा चालणार नाही, तिथं प्लांकचं नवं क्वांटम सूत्र घालावं लागेल. टेलिफोन कंपनीला त्या वारंवारतेशी तेव्हा काही कर्तव्य नव्हतं. पण हिशेब अपुरा ठेवायचा नाही.

या सूत्रातले आकडे घालून पाहण्यासारखे आहेत. दहा लाख ओहमचा रेझिस्टर, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, दहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे १३ मायक्रोव्होल्ट एवढं पुटपुटतो. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले तेरा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हजारो मैलांवरून आलेला सिग्नल जेव्हा याहून क्षुल्लक होतो तेव्हा तो या तेरांच्या खाली बुडतो, आणि मग कितीही मोठा ॲम्प्लिफायर आणला तरी उपयोग नसतो. रेझिस्टर द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर ठेवला, तर हे व्होल्टेज साधारण निम्मं होतं. एवढा खटाटोप करून फक्त निम्मं! पूर्ण घालवायचं तर निरपेक्ष शून्य गाठावं लागेल, आणि तिथं कुणी पोचलेलं नाही. इंजिनियरांच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की त्यांना पहिल्यांदा विहिरीचा तळ दिसला. आपलं यंत्र या तळापासून किती वर आहे एवढंच बघायचं. वर असेल तर सुधारणेला वाव आहे, टेकलेलं असेल तर खर्च थांबवायचा.

श्रेय कुणाचं, हा प्रश्न अशा वेळी निघतोच. काही लोक या खरखरीला जॉन्सनचं नाव देतात, काही दोघांचंही जोडून देतात. जॉन्सननं आपल्या वृत्तांतात नायक्विस्टचं श्रेय मोकळ्या मनानं दिलं आहे. नायक्विस्टनंही आपल्या निबंधात जॉन्सनच्या शोधाचा आधार स्पष्ट सांगितला आहे. दोन शेतकरी भाऊ बांधावरून कोर्टात जातात अशा मुलखात मी नोकरी केली. त्यामुळे हे वाचताना मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

नायक्विस्टची बाकीची कामं याहून अधिक गाजलेली आहेत, पण ती मी भराभर सांगतो. १९२४ साली कंपनीनं टेलिफोनच्या तारेवरून क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला छायाचित्रं पाठवून दाखवली. त्या तारचित्रांच्या कामात तो होता. त्याच वर्षी त्यानं तारायंत्राच्या वेगावर एक निबंध लिहिला आणि १९२८ साली दुसरा. तारेत जितक्या रुंदीचा वारंवारतेचा पट्टा मावतो, त्याच्या दुप्पट सुटे ठोके दर सेकंदाला पाठवता येतात, त्याहून अधिक नाही, असं त्यात निघालं. पुढं आवाजाचे आकडे करून पाठवायची वेळ आली तेव्हा हाच नियम उलटा वापरला गेला. टेलिफोनचा आवाज चार हजार हर्ट्झच्या आत बसवतात, म्हणून डिजिटल एक्स्चेंज तो सेकंदाला आठ हजार वेळा मोजतं. कॉम्पॅक्ट डिस्कवर गाणं ४४,१०० वेळा मोजून ठेवतात, तेही याच हिशेबानं. क्लॉड शॅननचा माहितीचा सिद्धांत १९४८ साली आला. त्यात शॅननच्या खांद्याखाली ज्यांचे खांदे होते त्यांत नायक्विस्ट एक, आणि हे शॅननच्या निबंधाच्या सुरुवातीलाच नोंदलेलं आहे.

१९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या त्याच कंपनीतल्या इंजिनियरला हडसन नदीवरच्या फेरीबोटीत बसल्या बसल्या एक कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. ॲम्प्लिफायरमधून निघालेला आवाज थोडा उलटा करून पुन्हा तोंडाशी द्यायचा, म्हणजे तो शुद्ध होतो. पण असं केलं की ॲम्प्लिफायर कधीकधी माजल्यासारखा शीळ घालू लागे, आणि कधी घालेल, कधी नाही, ते सांगता येत नसे. १९३२ साली नायक्विस्टनं कागदावर एक वक्ररेषा काढून दाखवली. ती एका विशिष्ट बिंदूला वेढा घालते की नाही एवढं बघायचं. विमानाच्या स्वयंचलित चालकापासून रासायनिक कारखान्यातल्या नियंत्रकापर्यंत हा वेढा आजही तपासतात.

हे सगळं लिहून झाल्यावर माझ्यातला कादंबरीकार कुरकुरतो. माणूस कुठं आहे? ना भांडण, ना प्रेमप्रकरण, ना दिवाळखोरी. सदतीस वर्षं एकाच कंपनीत नोकरी, १३८ पेटंटं, सगळी कंपनीच्या मालकीची. बहुतेक नोकरदारांचं आयुष्य बाहेरून असंच दिसतं. माझंही तसंच दिसत असणार.

पण एक गोष्ट बेल प्रयोगशाळेत सांगत असत. तिथल्या पेटंट विभागातल्या वकिलांना एकदा प्रश्न पडला, की काही थोड्याच माणसांच्या नावावर इतकी पेटंटं का? त्यांनी अशा माणसांची तुलना करून पाहिली. शिक्षण वेगळं, वय वेगळं, विषय वेगळे. काही समान निघेना. शेवटी एकच गोष्ट सापडली. ही माणसं पुष्कळदा सकाळच्या न्याहारीला किंवा दुपारच्या जेवणाला हॅरी नायक्विस्टबरोबर बसायची. तो त्यांना कल्पना पुरवत असे असं नव्हे. तो प्रश्न विचारायचा. समोरच्याला बोलतं करायचा. जेवण उरकून माणूस उठायचा तेव्हा आपण कशावर काम करतोय ते त्याला पहिल्यांदा नीट कळलेलं असायचं.

ही गोष्ट मला सूत्रापेक्षा जास्त छळते. आमच्या बँकेत बढतीच्या वेळी गोपनीय अहवाल लिहावे लागत. मीही पुष्कळ लिहिले. ठेवी किती आणल्या, वसुली किती केली, सगळ्याला रकाने होते. ज्याच्या शेजारी बसल्यामुळे इतरांचं काम सुधारतं, अशा माणसासाठी रकाना नव्हता. असा एक कॅशियर माझ्या हाताखाली होता. त्याच्या काउंटरभोवती नवी पोरं घुटमळायची. मी त्याला ‘साधारण’ असा शेरा दिला होता. तो शेरा बदलायची मुदत कधीच टळून गेली आहे.

नायक्विस्ट १९५४ साली निवृत्त झाला. त्याआधी, १९५१ साली, हर्बर्ट कॅलन आणि थिओडोर वेल्टन या दोघांनी त्याचं चार पानी सूत्र विजेच्या बाहेर नेलं होतं. जिथं जिथं घर्षणानं, रोधानं ऊर्जा झिरपते, तिथं तिथं उष्णतेची थरथर असणारच, आणि एकीवरून दुसरी काढता येते, असं त्यांनी सिद्ध केलं. पाण्यातल्या परागकणाला पाणी विरोध करतं, म्हणूनच पाणी त्याला ढुशा देतं. एकच नाणं, दोन बाजू.

१९६४ साली कंपनीच्याच होल्मडेल इथल्या केंद्रात आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनाची खरखर मोजत होते. मोजण्याची रीत नायक्विस्टच्या सूत्रातूनच आलेली, खरखर किती ते अंशांत सांगायचं. अमुक तापमानाचा रेझिस्टर जेवढा पुटपुटेल तेवढी. द्रवरूप हेलियममध्ये थंड केलेल्या भाराशी ते आपल्या अँटेनाची तुलना करत होते. सगळा ज्ञात गोंगाट वजा केला तरी सुमारे साडेतीन अंशांची बाकी शिल्लक राहत होती, कुठल्याही दिशेला, कुठल्याही ऋतूत. त्यांनी सांधे साफ केले, कबुतरांची विष्ठाही पुसून काढली. बाकी हलेना. ती विश्वाच्या जन्मवेळची उरलेली ऊब होती. नायक्विस्टच्या हयातीतच हे घडलं. त्या दोघांना १९७८ साली नोबेल मिळालं तेव्हा मात्र तो नव्हता.

आपल्याकडे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. तिथल्या रिसीव्हरांचा गोंगाटही केल्विन अंशांतच सांगतात. मी निवृत्तीनंतर एकदा ती पाहायला गेलो होतो. द्राक्षाच्या बागांमधून त्या पांढऱ्या जाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. तिथल्या तरुण इंजिनियरला मी ट्रंक कॉलची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, आमचंही तेच काम आहे, फक्त पलीकडचा माणूस जरा लांब आहे.

बोल्ट्झमनच्या स्थिरांकाचीही एक गंमत आहे. १९२८ साली जॉन्सननं आपल्या खरखरीच्या मोजमापावरून त्याची किंमत उलटी काढून पाहिली होती. ती खऱ्या किमतीच्या आठ टक्क्यांच्या आत आली. त्या काळच्या ट्यूबा लक्षात घेता हे थोडं नव्हे. पुढं नव्वद वर्षांनी केल्विन या एककाची नवी व्याख्या करण्यासाठी हा स्थिरांक कायमचा ठरवायचं घाटलं. तेव्हा जगभरच्या ज्या मोजमापांचा आधार घेतला त्यांत रेझिस्टरच्या खरखरीचंही मोजमाप होतं. २० मे २०१९ पासून ती व्याख्या लागू झाली.

म्हातारपणी नायक्विस्टला मानसन्मान भराभर मिळाले. १९६० साली रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेचं सन्मानपदक, १९६९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचं संस्थापक पदक, १९७५ साली यांत्रिकी अभियंत्यांचं ओल्डनबर्गर पदक. यांत्रिकी अभियंत्यांनी विजेच्या माणसाला पदक दिलं ते त्या १९३२ च्या वेढ्यासाठी. ते मिळालं तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. जॉन्सन त्याच्या पाच वर्षं आधीच, नोव्हेंबर १९७० मध्ये गेला होता. ४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या हार्लिंजेन गावी नायक्विस्टचा मृत्यू झाला. निल्सबीच्या मानानं फार उष्ण गाव.